कॉलेज फुटबॉल: आपल्या संघाच्या येत्या मोसमाचा अंदाज कसा बांधायचा

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे चाहते वेळापत्रक पुढ्यात घेतात आणि एकेका सामन्यापुढे ‘जिंकणार’ किंवा ‘हरणार’ लिहीत जातात. बारा सामने, नऊ वेळा ‘जिंकणार’, म्हणजे ९-३. झाला अंदाज. ही पद्धत बहुतेक वेळा फसते, आणि मधल्या-वरच्या फळीतल्या संघांच्या बाबतीत एकाच बाजूला फसते: विजय जास्त मोजले जातात. का, ते पुढे सहाव्या पायरीत आकडे मांडून दाखवलं आहे.

टेंपी, वेस्ट लाफाएट, कॉलेज स्टेशन अशा गावी शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना विद्यापीठाबरोबर एक संघही मिळतो, आणि पुण्या-मुंबईला परतल्यावरही तो सुटत नाही. तिकडे पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार शनिवारी दुपारी बाराला सुरू होणारा सामना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे रात्री साडेनऊला लागतो. त्या संघाकडून यंदा काय अपेक्षा धरायची हे स्वतः ठरवता यावं, एवढ्यासाठी ही पद्धत. खेळाचे मूळ नियम माहीत आहेत असं धरलं आहे. लागणारं सामान म्हणजे एक स्प्रेडशीट आणि आठ-दहा तास, तेही सलग नव्हेत.

काम कधी करायचं

एका बैठकीत हे होत नाही, कारण माहिती टप्प्याटप्प्याने येते. डिसेंबरच्या सुरुवातीला शाळेतून येणारी मुलं सह्या करतात. जानेवारीत कोण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टला (खेळाडूंच्या निवडीला) जाणार ते कळतं आणि ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, उघडतं. २०२६ साली पोर्टलची खिडकी २ ते १६ जानेवारी अशी एकच होती. वसंतातली दुसरी खिडकी बंद झाली. याचा फायदा असा की फेब्रुवारीत यादी बरीचशी पक्की असते, पूर्वी ती मेपर्यंत हलत राहायची. प्रशिक्षक बदलला तर त्या संघाच्या खेळाडूंना वेगळी मुदत मिळते, तेवढं लक्षात ठेवा.

म्हणून गेल्या मोसमाचा हिशेब जानेवारीत, खेळाडूंची यादी फेब्रुवारीत, वसंतातल्या सरावाची नोंद एप्रिलमध्ये आणि अंतिम आकडा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, अशी विभागणी ठेवा.

पायरी १: गेल्या वर्षी संघ खरोखर कसा होता

विजय-पराजयाचा आकडा फार खडबडीत असतो. बारा सामन्यांत चार-पाच सामने एका ताब्याच्या अंतराने, म्हणजे आठ किंवा कमी गुणांनी सुटतात, आणि त्यातला निकाल पुष्कळदा एखाद्या किकवर लटकलेला असतो. तेव्हा आधी गुणांकडे बघा.

सूत्र असं: मिळवलेल्या गुणांचा २.३७ वा घात काढा. दिलेल्या गुणांचाही तसाच काढा. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा आणि सामन्यांच्या संख्येने गुणा. जे येईल ते गुणांवरून अपेक्षित विजय.

नेब्रास्काचा २०२१ चा मोसम यासाठी समोर ठेवण्यासारखा आहे. संघ ३-९ राहिला. पण त्याने ३३५ गुण मिळवले आणि २७२ दिले. सूत्राने अपेक्षित विजय येतात जवळजवळ साडेसात. नऊही पराभव एकआकडी फरकाचे; त्यातले आठ आठ किंवा कमी गुणांचे, आणि सर्वांत मोठा ओहायो स्टेटविरुद्धचा, २६-१७. एवढंच पाहून २०२२ साली हा संघ उसळी घेणार असं अनेकांनी मानलं. तो ४-८ वर थांबला. मोसमाचा पहिला सामना डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ३१-२८ असा गमावला, पुढे घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नने ४५-४२ ने हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काढण्यात आलं.

सूत्र चुकलं का? नाही, ते उघड्या डोळ्यांनी वापरलं गेलं नाही. तेच ३३५ आणि २७२ फोडून बघा. फोर्डहॅम ५२-७, बफेलो २८-३, नॉर्थवेस्टर्न ५६-७: या तीन विजयांतच १३६ गुण मिळाले आणि १७ दिले गेले. उरलेल्या नऊ सामन्यांत संघाने १९९ मिळवले आणि २५५ दिले. त्यात फोर्डहॅम तर खालच्या एफसीएस गटातला संघ. तो सामना काढून टाकला की अकरा सामन्यांतून अपेक्षित विजय सहाच्या आसपास येतात. म्हणजे नेब्रास्का तीन विजयांपेक्षा नक्कीच चांगला संघ होता, पण साडेसातचा नव्हता. त्यात क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ सोडून गेला आणि हल्ल्याच्या बाजूचे चार प्रशिक्षक मोसम संपण्याआधीच बदलले गेले होते. नशीब सरासरीकडे सरकतं हे खरं. पण ज्या संघाचं ते नशीब होतं तो संघच पुढच्या वर्षी जागेवर नसेल, तर सरकायचं कोणाचं?

म्हणून दोन नियम. एफसीएस संघाविरुद्धचा सामना या हिशेबातून नेहमी वगळा. आणि ३५ गुणांच्या वरचा प्रत्येक फरक ३५ वरच कापा.

यानंतर चेंडूच्या अदलाबदलीकडे (टर्नओव्हर) वळा. जमिनीवर पडलेला फंबल कोणाच्या हाती लागतो हे जवळपास नाणेफेकीसारखं असतं. दीर्घ काळात ते निम्मं-निम्मं होतं. तुमच्या संघाने वर्षभरातल्या २४ पैकी १६ फंबल उचलले असतील, तर चार फुकटचे मिळाले समजा. इंटरसेप्शनचंही तसंच: बचावाने ज्या पासना हात लावला, मग ते अडवलेले असोत की झेललेले, त्यातला साधारण पाचातला एक झेलला जातो. हात लावलेले पास ६० आणि झेल १८ असतील तर अपेक्षित बारा होते, सहा वरचे. एका अदलाबदलीची किंमत साधारण चार ते पाच गुण धरा. फंबलचे चार आणि हे सहा मिळून दहा ‘फुकट’ चेंडू म्हणजे मोसमात ४० ते ५० गुण, दर सामन्याला जवळजवळ चार. एवढ्या गुणांनी काय होतं ते पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष खेळाची गुणवत्ता. एकूण यार्ड बघू नका. २०२३ पासून प्रत्येक अर्ध्यातली शेवटची दोन मिनिटं सोडली तर पहिल्या डाउननंतर घड्याळ थांबत नाही, त्यामुळे सामन्यातल्या चाली कमी झाल्या आहेत आणि जुन्या वर्षांशी एकूण आकड्यांची तुलना होत नाही. दर चालीमागे काय मिळालं ते बघा. सर्वांत उपयोगी माप म्हणजे चाल यशस्वी होण्याचं प्रमाण. पहिल्या डाउनला हवे असलेल्या यार्डांच्या निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर चाल यशस्वी. हे मोसमागून मोसम बऱ्यापैकी टिकतं. लांब पल्ल्याच्या चाली आणि प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्डांच्या आत पोचल्यावर मिळणारे गुण मात्र वरखाली होत राहतात. संघाचा हल्ला जर बऱ्याच अंशी लांब चालींवर जगत असेल, तर पुढच्या वर्षासाठी हात आखडता घ्या. निकाल लागून गेल्यानंतरच्या, म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये तीन-चार ताब्यांची आघाडी असतानाच्या चाली गाळलेले आकडे मिळाले तर तेच वापरा. कॉलेज फुटबॉल डेटा डॉट कॉमवर चालींची नोंद फुकट मिळते.

इथे हमखास होणारी एक चूक. कॉलेजच्या अधिकृत आकडेवारीत सॅकचे गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यात वजा होतात. एनएफएलमध्ये ते पासच्या खात्यात जातात. समजा स्कोअरशीटवर लिहिलंय: ३२ धावा, ८८ यार्ड. म्हणजे धावेमागे २.७५, अगदीच वाईट. पण त्यात चार सॅक आणि त्यांचे उणे २८ यार्ड आहेत. ते बाजूला काढले की खऱ्या धावा २८, यार्ड ११६, सरासरी ४.१४. धावण्याचा खेळ ठीक होता. दुखणं क्वार्टरबॅकच्या संरक्षणात होतं. हा फरक न करता ‘यंदा रनिंग बॅक बदलायला हवा’ असं लिहिलं, तर सगळं निदानच चुकतं. प्रत्येक सामन्याच्या शीटमधून सॅक वेगळे काढायला दीड तास लागतो. तो द्या.

पायरी २: कोण उरलं, कोण आलं

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावरून यादी घ्या. २०२५-२६ पासून, खेळाडूंना महसुलात वाटा देण्याबाबतच्या ‘हाउस’ खटल्याच्या तडजोडीनुसार, तो वाटा देणारे संघ १०५ खेळाडूंपर्यंत ठेवतात. पूर्वीची ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली. पण १०५ नावं घेऊन बसू नका. मैदानावर निकाल ठरवणारे ४० ते ४५ असतात.

रकाने असे करा: नाव, जागा, कितवं वर्ष, गेल्या वर्षी खेळलेल्या चाली, कुठल्या संघातून आला, दुखापत. शेवटी एक रकाना ‘याच्यानंतर कोण’. हा शेवटचा रकाना भरताना संघाची खरी अवस्था कळते. डाव्या टॅकलच्या पुढे नाव आहे आणि ‘याच्यानंतर कोण’ मध्ये अठरा वर्षांचा नवखा, म्हणजे एका घोट्याच्या मुरगळीवर तुमचा मोसम उभा आहे.

सगळ्या जागा सारख्या तोलाच्या नाहीत. हल्ल्यात सर्वांत जास्त फरक पडतो तो क्वार्टरबॅक आणि पास झेलणारे परत येण्याने. त्यानंतर ऑफेन्सिव्ह लाइन. रनिंग बॅक बदलला तरी संघाचं सरासरी उत्पादन फारसं घसरत नाही. अपवाद असतात, आणि अ‍ॅरिझोना स्टेटचा कॅम स्कॅटेबो तसा होता: २०२४ मध्ये १,७११ यार्ड धावून आणि ६०५ झेलून. ज्या बॅककडून झेलही एवढे होतात तो दोन जागांवरचा खेळाडू मोजा. बचावात मागची फळी, म्हणजे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी परत येणं महत्त्वाचं, कारण तिथलं काम एकमेकांच्या खाणाखुणांवर चालतं आणि चूक झाली की थेट सहा गुण जातात.

ऑफेन्सिव्ह लाइनसाठी ‘किती जण परतले’ हा प्रश्न अपुरा आहे. पाच जागांच्या गेल्या वर्षीच्या एकूण चालींपैकी किती टक्के चाली परतणाऱ्यांनी खेळल्या ते काढा. एका जागेच्या वर्षाच्या चाली ७५० ते ८५०, पाच मिळून चार हजारांच्या आसपास. ‘चार जण परतले’ असं संघ सांगतो तेव्हा त्यातल्या दोघांनी प्रत्येकी दोनशेच चाली खेळलेल्या असू शकतात. आणि मधला सेंटर गेला असेल तर तो वेगळा लिहा. समोरचा बचाव ओळखून बाकी चौघांना कोणाला अडवायचं ते तो सांगतो.

आता पोर्टलमधून आलेले. तारांकित नाव आलं की त्याचे जुन्या संघातले आकडे जसेच्या तसे नव्या संघात धरले जातात, तिथेच घोटाळा. आधी बघा की तो का निघाला. खेळायला मिळत नव्हतं म्हणून निघालेला आणि चांगला खेळला म्हणून मोठ्या संघाने नेलेला, हे दोन वेगळे खेळाडू आहेत. दुसरं, कोणत्या पातळीवरून आला. खालच्या कॉन्फरन्समधून (आपसात खेळणाऱ्या संघांच्या गटातून) येणाऱ्या लाइनमनचे आकडे सर्वांत कमी टिकतात, कारण समोरच्याचं वजन आणि वेग एकदम बदलतो. धावणाऱ्यांचे आणि कॉर्नरबॅकचे त्या मानाने टिकतात.

दोन टोकाची उदाहरणं पाठ असावीत. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये १३-१ होता. त्या संघातले दहा जण पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएलने निवडले. जागा पोर्टलमधून भरल्या, एपी या वृत्तसंस्थेच्या मोसमपूर्व क्रमवारीत दहावा नंबर मिळाला, आणि २०२४ चा मोसम संपला २-१० वर. पोर्टलवर उभारलेला संघ दर वर्षी नव्याने उभारावा लागतो. खाली वाढत आलेली पोरं नसली की एका वर्षात तळ दिसतो. उलट बाजूला इंडियाना: २०२३ मध्ये ३-९, मग प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले, आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन संघातले १३ खेळाडू बरोबर घेऊन, आणि २०२४ मध्ये ११-२. ते १३ जण लहान कॉन्फरन्समधले होते, पण तीच पद्धत, तेच प्रशिक्षक आणि एकमेकांची सवय घेऊन आले होते. त्यामुळे पोर्टलमधून आलेले किती, यापेक्षा ते एकत्र किती खेळले आहेत आणि प्रशिक्षकाला किती ओळखतात, हा रकाना वाढवा.

रेडशर्ट, म्हणजे खेळण्याचं एक वर्ष राखून ठेवणाऱ्या नवख्यांबद्दल थोडक्यात: २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष राखता येतं, म्हणून नोव्हेंबरातल्या चार सामन्यांत कोणाला उतरवलं ते बघा. प्रशिक्षकांचा भरवसा कोणावर आहे ते तिथे दिसतं, मुलाखतीत नाही.

पायरी ३: प्रशिक्षक

मुख्य प्रशिक्षकापेक्षा हल्ला आणि बचाव सांभाळणारे दोन समन्वयक कोण, हे आधी लिहा. नवा समन्वयक आला तर त्याच्या मागच्या तीन मोसमांतला वेग, म्हणजे एका सामन्यात किती चाली, आणि पास-धावेचं प्रमाण काढा. मग तुमच्या यादीशी ताडा. चार रिसीव्हर पसरून खेळवणारा माणूस आला आणि तुमच्याकडे तीन टाइट एंड आणि दोन रिसीव्हर आहेत, तर पहिलं वर्ष जड जाणार. बचाव बदलताना जास्त त्रास लाइनबॅकर आणि एज रशरना होतो. २७० पौंडांचा एंड उभा करून मागे धावायला लावला की सप्टेंबरात प्रतिस्पर्धी त्याच्यावरच पास टाकतात.

नव्या मुख्य प्रशिक्षकाच्या पहिल्या वर्षात अनिश्चितता वाढते, दोन्ही बाजूंना. आकडा कमी करण्यापेक्षा आवाका रुंद करा.

पायरी ४: गुणवत्तेचं छत

संघ चांगला असणं आणि विजेतेपदाच्या तोलाचा असणं यात खेळाडूंच्या मूळ दर्जाचा फरक असतो. टू-फोर-सेव्हन स्पोर्ट्स आणि रायव्हल्स ही संकेतस्थळं शाळेतल्या खेळाडूंना तारे देतात. गेल्या चार वर्षांत भरती झालेल्यांपैकी चार-पाच तारे असलेले निम्म्याहून जास्त हवेत, त्याशिवाय राष्ट्रीय विजेतेपद नाही, हा ठोकताळा भरतीच्या आधुनिक काळात वर्षानुवर्षं टिकला. २०२५ च्या मोसमात इंडियानाने १६-० राहून तो मोडला. पोर्टलमुळे तेवीस वर्षांचे तीन तारे असलेले खेळाडू अठरा वर्षांच्या पाच ताऱ्यांना भारी पडू शकतात, हे त्यातून ध्यानात घ्यायचं. तरी हा ठोकताळा फेकून देऊ नका. तो अजूनही सांगतो की तुमच्या संघाच्या वेळापत्रकातले कोणते दोन-तीन प्रतिस्पर्धी आपला सर्वोत्तम खेळ खेळले तर तुमच्या आवाक्याबाहेर आहेत.

पायरी ५: संघाला एक आकडा द्या

आता सगळं एका आकड्यात आणायचं: तटस्थ मैदानावर सरासरी संघापेक्षा तुमचा संघ किती गुणांनी सरस. गेल्या वर्षाचा दुरुस्त केलेला आकडा निम्म्या वजनाने घ्या, त्याआधीच्या तीन वर्षांची सरासरी पाव, आणि खेळाडूंच्या दर्जाची क्रमवारी पाव. मग परतणाऱ्यांच्या प्रमाणानुसार तीन-चार गुण वर किंवा खाली. ही वजनं सुरुवातीची आहेत, अनुभवाने बदला. एवढं स्वतः करायचं नसेल तर बिल कॉनेली यांचं एसपी प्लस किंवा ईएसपीएनचं एफपीआय हे संघांचे तयार आकडे घ्या. पण मग तुमच्या यादीतून कळलेला बदल दोन गुणांच्या वर करू नका, कारण परतणाऱ्या खेळाडूंचा विचार त्यांनी आधीच केलेला असतो. तोच फायदा दोनदा मोजण्याची चूक सर्रास होते. प्रतिस्पर्ध्यांचे आकडे मात्र एकाच ठिकाणाहून घ्या.

पायरी ६: वेळापत्रक आणि बेरीज

हा या कामाचा गाभा. समजा तुमचा संघ +९ आहे. घरच्या मैदानाचे अडीच गुण धरा. प्रत्येक सामन्यासाठी अपेक्षित फरक काढा आणि त्याची जिंकण्याच्या शक्यतेत बदली करा. कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्यक्ष निकाल अपेक्षित फरकाभोवती सुमारे १६ गुणांच्या प्रमाणित विचलनाने पसरतात. एक्सेलमध्ये नॉर्म डॉट डिस्ट हे फंक्शन घ्या: पहिल्या जागी फरक, मग शून्य, मग १६, शेवटी ट्रू.

एक नमुन्याचं वेळापत्रक सोडवू. घरी उणे २० चा एफसीएस संघ: ९८ टक्के. घरी उणे ८: ८९. बाहेर +६ चा संघ: फरक अर्धा गुण, शक्यता ५१. घरी +२: ७२. बाहेर +१२: ३७. घरी +१८: ३४. बाहेर शून्य: ६६. घरी +७: ६१. बाहेर +४: ५६. घरी उणे ३: ८२. बाहेर +२२: १७. घरी +९: ५६.

बारापैकी नऊ सामन्यांत तुमचा संघ वरचढ आहे. खुणा करणारा माणूस ९-३ लिहिणार. पण शक्यतांची बेरीज करा: ७.२. दोन विजयांचा हा फरक हवेतून आलेला नाही. ५१, ५६, ५६, ६१, ६६ टक्क्यांचे ते पाच सामने सगळे जिंकणं म्हणजे पाचही वेळा नाणं आपल्या बाजूने पडणं. या संघाला नऊ किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता पाचात एक आहे. म्हणजे ९-३ अशक्य नाही, पण तो चांगल्या वर्षाचा निकाल आहे.

याच नमुन्यावरून दुसरी गोष्ट कळते. संघाचा आकडा एका गुणाने हलला की अपेक्षित विजय पाव विजयाने हलतात. चार गुण म्हणजे एक विजय. मघाचे फुकटचे चेंडू आठवा: दर सामन्याला चार गुण, म्हणजे गेल्या वर्षीच्या विजयांतला एक त्यांनी दिला होता. पहिला क्वार्टरबॅक जाऊन दुसरा आला की किती विजय जातात, तेही याच मापाने मोजता येतं.

वेळापत्रकात आणखी काय बघायचं? बिग टेनमध्ये १८ संघ आहेत, एसईसीत १६, विभाग नाहीत, त्यामुळे एकाच कॉन्फरन्समधल्या दोन संघांची वाट पूर्ण वेगळी असते. ‘कॉन्फरन्स कठीण आहे’ असं लिहू नका. कोणते नऊ, ते लिहा. नऊ सामने असले की एका वर्षी पाच घरी आणि पुढच्या वर्षी चार. सलग दोन शनिवार बाहेर, त्यातला एक दोन-तीन टाइम झोन ओलांडून, आणि समोरचा संघ विश्रांतीच्या आठवड्यानंतर उतरलेला: अशा सामन्यातून एक-दीड गुण वजा करा. तीनपेक्षा जास्त कधीच नाही. भावनेला आवर घालायची जागा हीच.

शेवटी एक पडताळा, जो फार थोडे करतात. १८ संघ, प्रत्येकी नऊ सामने, म्हणजे कॉन्फरन्समध्ये एकूण ८१ विजय वाटले जातात. सगळ्या १८ संघांचे अपेक्षित कॉन्फरन्स-विजय बेरीज करून ८१ पेक्षा जास्त आले तर कुठेतरी आकडे फुगले आहेत. एसईसीसाठी हा आकडा ७२. लास वेगसच्या सट्टेबाजांनी लावलेली विजयसंख्येची रेषाही ताडून बघा. तुमच्या आकड्यात आणि तिच्यात दीड विजयाचं अंतर असेल, तर बहुधा एखादी दुखापत किंवा गेलेला खेळाडू तुमच्या नजरेतून सुटला आहे.

एप्रिल ते ऑगस्ट: काय ऐकायचं, काय सोडायचं

वसंतातल्या सरावसामन्यात क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते. त्याला कोणी पाडायचं नसतं. बचावपटूचा हात लागला की शिट्टी. त्यामुळे तिथले सॅक खरे नसतात आणि सॅकमधून निसटलेल्या चालीही खऱ्या नसतात. गुणफलक तर पूर्ण सोडून द्या. बघायचं ते एवढंच: पहिल्या पाच लाइनमनमध्ये कोण कुठल्या जागी उभा राहिला, आणि दुसऱ्या फळीचे पाच जण पहिल्या फळीच्या बचावासमोर टिकले का. ‘अमक्याने वीस पौंड कमावले’ ही बातमी प्रत्येक संघाकडून दर वर्षी येते. ती कुठेही नोंदू नका.

ऑगस्टमध्ये डेप्थ चार्ट (कोणत्या जागी पहिला कोण, दुसरा कोण याची यादी) आला की दोन नावांमध्ये ‘किंवा’ छापलेलं असतं. ते कोणत्या जागेवर आहे ते बघा. रिसीव्हरच्या जागेवरचा ‘किंवा’ निरुपद्रवी, दोघेही खेळणार. क्वार्टरबॅकपाशी असेल तर कधी प्रशिक्षक प्रतिस्पर्ध्याला झुलवत असतात, कधी खरोखर कोणी पुढे गेलेला नसतो. सरावातली पहिल्या फळीबरोबरची पाळी कोणाला जास्त मिळाली, या बातमीवरून ठरवा. उजव्या टॅकलपाशी ‘किंवा’ असेल तर मात्र काळजी करा. तिथे पर्याय जास्त असल्याने नाही, एकही पक्का नसल्याने तो छापला जातो.

लिहिताना

एक आकडा देऊ नका, आवाका द्या: ‘अपेक्षित ७.२, बहुतेक सहा ते नऊ’. सहा विजय म्हणजे बोलची, मोसमानंतरच्या खास सामन्याची, पात्रता, दहा म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या २०२४ पासूनच्या बारा संघांच्या प्लेऑफच्या चर्चेत जागा. या दोन उंबरठ्यांची शक्यता वेगळी लिहा. वाचकाला तेच हवं असतं.

मग तीन प्रश्न निवडा ज्यांच्या उत्तराने हा आकडा चार गुणांनी हलेल. अ‍ॅरिझोना स्टेटचं २०२५ घ्या. आदल्या वर्षी बिग ट्वेल्व्हच्या मोसमपूर्व मतदानात सोळापैकी सोळावा ठरलेला हा संघ कॉन्फरन्स जिंकून ११-३ झाला होता, आणि आता एपीच्या यादीत अकरावा होता. तिथे प्रश्न उघड होते: स्कॅटेबोची दोन जागांची पोकळी, एका ताब्याच्या अंतराच्या सामन्यांतला ६-२ असा टिकायला अवघड हिशेब, आणि क्वार्टरबॅक सॅम लेविटच्या मागे कोण. मोसमाच्या मध्यावर लेविटच्या पायावर शस्त्रक्रिया झाली आणि संघ आठ विजयांवर थांबला. दुखापत कोणाला दिसत नसते. पण ‘याच्यानंतर कोण’ हा रकाना जुलैतच भरता आला असता.

प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की चौथ्या सामन्यानंतर काय दिसलं तर मत बदलाल. ‘लाइन सुधारली’ असं नको. ‘सॅक गाळून धावेमागे साडेचार यार्ड’ असं लिहा. चार सामन्यांनंतरही मोसमपूर्व आकड्याला निम्म्याच्या आसपास वजन ठेवा. दोन विजयांवर हुरळून तो टाकून देणारे ऑक्टोबरात पस्तावतात.

आणि ऑगस्टची फाइल तारखेसह जपून ठेवा, एकही आकडा न बदलता. डिसेंबरात तुम्ही ६० ते ७० टक्के लिहिलेले सगळे सामने एकत्र करा आणि त्यातले किती जिंकले ते मोजा. एका संघाचे बारा सामने त्याला पुरत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षापासूनच आपल्या कॉन्फरन्समधल्या सगळ्या संघांच्या सामन्यांची शक्यता लिहून ठेवा. शंभरावर सामने होतात, आणि साठ-सत्तरच्या खणातले निम्मेच जिंकलेले निघाले, तर पुढच्या जानेवारीत १६ च्या जागी १८ घालून बघायचं.